तक्त्याबाहेरची अश्विनी

माझ्या डॉक्टरकीची शेवटची वर्षं ज्या आजारांत गेली, त्यांना तेव्हा औषध नव्हतं आणि आजही नाही. त्यामुळे हातगुणानं खडखडीत बरं झालेलं एखादं पोरगं या पानांवर आणून उभं करावं, तर ते माझ्याकडे नाही. संपादकांनी फोनवर आर्जव केलं, ‘मॅडम, सणाचा अंक आहे, जरा गोड लिहा.’ मी म्हटलं, गोड पाहिजे असेल तर हलवायाला सांगा. ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतेय.

बुलढाण्यात माझा लहान मुलांचा दवाखाना होता. जुलाब, गोवर, दमा, विंचू, कण्हेरीच्या बिया खाल्लेली पोरं, सगळं पाहिलं. या आजारांचं एक बरं असतं. पोरगं बरं होतं नाही तर हातचं जातं, आणि आपण काय केलं ते आपल्याला कळतं. पण काही मुलं वर्षानुवर्षं येत राहायची. बसायची नाहीत, बोलायची नाहीत, फिट यायच्या. त्यांच्या फायलीवर ‘मतिमंद’ असं खरडून मी मोकळी व्हायचे आणि दिवसभर माझी चिडचिड व्हायची. का झालं, हे मलाच माहीत नसायचं. शेवटी पन्नाशी उलटल्यावर पुण्याला जाऊन जनुकीय आजारांचं शिक्षण घेतलं. तिथल्या मुली माझ्या लेकीच्या वयाच्या. मी चुकून ‘मले’ म्हटलं की खाली मान घालून हसायच्या. हसा म्हटलं. मला माझ्या माणसांशी बोलायचंय, आणि आमच्याकडे ‘मले-तुले’ केल्याशिवाय कुणी खरं सांगत नाही.

परत येऊन दवाखान्याच्या पाटीवर एक ओळ वाढवली, ‘जनुकीय सल्ला मिळेल’. त्या ओळीनं काय एकेक गिऱ्हाईक आणलं, विचारू नका! एक गृहस्थ पांढरेशुभ्र कपडे घालून आले, खुर्ची पुढे ओढली आणि डोळा बारीक करून म्हणाले, ‘सुनेले घेऊन येतो. पोट्टं हाये का पोट्टी, तेवढं सांगा न. आपन कोनाले सांगत नाई.’ त्यांना मी अशा आवाजात बाहेर काढलं, की समोरच्या चहावाल्यानं गाळणी हातात घेऊन बघायला धाव घेतली. दुसरे एक निवृत्त मास्तर. नातवाचा रिपोर्ट त्यांनी शेगावला समाधीपुढे ठेवून आणला होता आणि आता त्यात काही फरक पडला का ते पाहा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. फरक पडलेला नाही, एवढं सांगितलं. ‘असं का,’ म्हणाले आणि रिपोर्टची नीट घडी करून पिशवीत ठेवला.

आता हा धंदा काय असतो ते सांगते. समोर बसलेल्या माणसाकडून आधी घराण्याचा तक्ता काढून घ्यायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोला आडवी रेघ, लेकरांना खाली रेघा. ज्याला आजार आहे तो चौकोन काळा करायचा. आईकडून कोण, बापाकडून कोण, कोण लहानपणी गेलं, कोण बोलत नव्हतं. तक्ता पुरा झाला की काळे चौकोन आपल्याशी बोलायला लागतात. दुसरा नियम असा, की रिपोर्ट सांगायचा तो नवरा-बायकोला, दोघांनाच, दार लावून. ‘दोष’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पुण्यात हे सगळं छान जमतं. आमच्याकडे एका लेकरामागं सात माणसं क्रूझरमधून उतरतात आणि दार लावायला लागलं की सातही जणांना वाटतं, काहीतरी लपवून राह्यली बाई.

वेदांत आला तेव्हा पाच वर्षांचा होता. धामणगाव बढ्याजवळच्या एका गावातला. गोरागोमटा, मोठ्या डोळ्यांचा. तोंडातून सारखी लाळ, गळ्यात बांधलेला रुमाल ओलाचिंब. बोलणं म्हणजे एक ‘आ’. त्याच ‘आ’मध्ये पाणी, भूक, राग, सगळं. झोपेत फिट यायची, तोंड एका बाजूला ओढलं जायचं. पण समज होती पोराला. मी जीभ दाखव म्हटल्यावर त्यानं जीव खाऊन प्रयत्न केला, जीभ काही दातांबाहेर येईना, आणि मग शरमून त्यानं आजीच्या कुशीत तोंड लपवलं.

आजी म्हणजे यमुनाबाई, गजाननची आई. गजानन हा वेदांतचा बाप, शेती करायचा, आईसमोर फारसा बोलायचा नाही. घर यमुनाबाईंच्या हातात होतं. उंच, हाडाची, कपाळावर मोठं कुंकू. वेदांतला त्यांनी कडेवरून खाली ठेवलं नाही. लाळ स्वतःच्या पदरानं पुसत होत्या. आणि सून सुनंदा भिंतीला टेकून उभी, खुर्ची असूनही.

‘काऊन झालं म्हणता मॅडम?’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘पोटुशी होती अन् गिऱ्हाणात मेथी चिरत बसली. सांगतलं होतं मी, नोको चिरू बाई. आयकलं नाई. आता हे लेकरू भोगून राह्यलं.’

माझं डोकं फिरलं. ग्रहणात भाजी चिरल्यानं मुलं अशी होत असती, तर निम्मा जिल्हा मुका झाला असता, असं मी जोरात बोलले. यमुनाबाईंनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, मी डॉक्टर म्हणून. बाहेर पडताना सुनंदा एकटी मागं वळली आणि मला हळूच म्हणाली, ‘पण मॅडम, मी खरंच चिरली होती वो.’

पाच वर्षं ही मुलगी त्या एका जुडीचं ओझं वाहत होती. रात्री फिट आली की नवऱ्याला उठवायची नाही. आपलंच पाप, आपणच निस्तरायचं. तेव्हाच मी मनाशी धरलं, की हिला खरं कारण काढून द्यायचं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अशा मुलांच्या तपासण्या संशोधनासाठी चालू होत्या, तिथं वेदांतचं रक्त पाठवलं.

सुनंदाकडून तक्ता काढला. माहेर मेहकराकडचं, त्यामुळे तिच्या बोलीला मराठवाड्याचा वास होता. दोन भाऊ. मोठा प्रल्हाद, धडधाकट, शेती आणि मळणीयंत्र सांभाळतो. धाकटा संतोष. संतोषचं नाव घेताना ती जरा थांबली. ‘तो बकऱ्या राखतो. बोलणं धड नाही त्याचं. लहानपणी ताप डोक्यात गेला म्हणत्यात.’ लाळ येते? येते. फिट येते? यायची. मी संतोषचा चौकोन काळा केला. तिच्या आईच्या मामांपैकीही एक जण ‘भोळा’ होता, तोही काळा झाला. रिपोर्ट येण्याआधीच मला दिशा कळली होती.

रिपोर्टात जे आलं ते सोपं करून सांगते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ भिंत असते आणि ती भिंत तेलकट असते, चरबीची. आत हजारो प्रथिनं आपापली कामं करत असतात. त्यातल्या काहींचं काम भिंतीलगतच असतं. पण प्रथिन असतं पाण्यातलं, आणि पाण्यातली वस्तू तेलकट भिंतीला धरून कशी राहील? म्हणून त्याला मेदाम्लाची, म्हणजे चरबीचीच, एक छोटी शेपटी चिकटवावी लागते. जयंतीला कागदी पताका भिंतीवर लावताना आपण मागून खळ लावतो ना, तसं. ही खळ लावायचं काम करणारे काही एन्झाइम माणसाच्या शरीरात असतात. त्यातल्या एका एन्झाइमचा आराखडा एक्स गुणसूत्रावर लिहिलेला आहे आणि वेदांतच्या आराखड्यात एक अक्षर चुकलेलं होतं. खळच लागत नव्हती. मेंदूच्या पेशींतली काही प्रथिनं जिथं असायला पाहिजेत तिथं टिकत नव्हती. त्यातून ही मुकी जीभ, ही लाळ, ही फिट.

हे मी गजानन आणि सुनंदाला असंच, खळीचं उदाहरण देऊन सांगितलं. गजाननला त्यातला ‘चरबी चिकटत नाही’ एवढाच शब्द पकडता आला. पुढच्या खेपेला आला तो वेदांत चांगला गोलमटोल झालेला आणि जुलाबानं बेजार. बाप रोज सकाळी त्याला वाटीभर तूप पाजत होता! ‘चरबी लागत नाई म्हटल्या न मॅडम, म्हणून म्हैसच घेतली.’ मी कपाळावर हात मारला. रागावणार होते, पण त्याचा चेहरा बघून रागावले नाही. मी आशा म्हणून काही दिलंच नव्हतं, त्यानं स्वतःच शोधून आणली होती, तीही मी काढून घेतली. फिटचं औषध, बोलण्याचे व्यायाम, एवढंच माझ्या हातात आहे, असं पुन्हा सांगितलं. त्यानं वेदांतला उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, ‘म्हंजे असंच राह्यल.’

सुनंदाचंही रक्त तपासलं. तिच्यात तेच चुकलेलं अक्षर होतं. बाईला एक्स दोन असतात. एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो, म्हणून तिला स्वतःला काही नाही. पुरुषाला एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. तो नेमका बिघडलेला आला तर संतोष होतो, वेदांत होतो. चांगला आला तर प्रल्हाद होतो.

तिला एकटीला घेऊन बसले. सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘म्हंजे मेथीनं नाही झालं?’

‘नाही.’

‘ग्रहणानं नाही?’

‘नाही गं बाई. तू जन्माला यायच्या आधीपासून ते अक्षर तुमच्या घरात फिरतंय. तू काही केलेलं नाहीस.’

ती रडली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, पण किती वेळ! मला वाटलं, चला, या धंद्यात एक तरी काम चांगलं झालं. मग डोळे पुसून म्हणाली, ‘मॅडम, एवढं माझ्या सासूला सांगता का? तुमच्या तोंडून. माझं कोणी ऐकत नाही.’

मी तिला विचारलं, की अगं, माहेरचं नाव निघेल, चालेल का. झाकली मूठ असते कधी कधी. ती म्हणाली, ‘निघू द्या. पाच वर्षं माझं एकटीचं निघतंय.’ एवढं म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? यमुनाबाईंना बोलावलं.

त्या आल्या. मांडीवर वेदांत. मी तक्ता पुढे ठेवला, सगळं सावकाश सांगितलं. बाई अडाणी होती पण मूर्ख नव्हती. काळ्या चौकोनांवर बोट ठेवत वरून खाली आली. ‘हा तिच्या मायचा भोळा मामा. हा संतोष. अन् हा माहा वेदांत.’ मी म्हटलं, हो. ‘म्हंजे गिऱ्हाण नाई.’ नाही. ‘त्या घरच्या रक्तात हाये हे.’ तसं म्हणता येईल, मी म्हटलं, पण...

पणच्या पुढचं त्यांनी ऐकलं नाही. नजर तक्त्यावरच होती. ओठ हलले, काहीतरी विचारायचं होतं असं मला वाटलंसुद्धा. मी थांबले. त्यांनी ओठ मिटले, वेदांतचा रुमाल बदलला आणि ‘बरं मॅडम’ म्हणून उठल्या. दारात वळून सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘उगीच बोलली वो मी तुले,’ म्हणाल्या. सुनंदानं माझ्याकडे असं बघितलं, की मी ते विसरणार नाही.

मला जे माहीत नव्हतं ते आता सांगते. सुनंदाचं लग्न साट्याचं होतं. साटंलोटं म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तुमची पोरगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. हुंडा नाही, मानपान नाही, आणि दोन्हीकडच्या सासवा जपून वागतात, कारण आपलीही लेक तिकडे नांदत असते. सुनंदा या घरात आली तेव्हाच ठरलं होतं, की गजाननची बहीण अश्विनी मोठी झाली की प्रल्हादला द्यायची. या सगळ्याच्या दोन वर्षं आधी दिली. दोघांचं छान जमलं होतं. माझ्या तक्त्यात प्रल्हादचा चौकोन होता, पांढरा, निरोगी. त्याची बायको कोण, ते मी विचारलं नव्हतं. तक्ता रक्ताचा असतो. सून परक्या रक्ताची, तिला विचारायचं कारण नसतं. आजही कुणी काढायला बसवलं तर मी तो तसाच काढेन, आणि जगभर तसाच काढतात. साट्याची रेघ त्यात कुठं ओढायची असते, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, सुनंदा औषधाला आली ती मेहकरच्या गाडीनं. मी सहज विचारलं, ‘आज तिकडून कशी?’

‘आता तिकडूनच येणार,’ ती म्हणाली.

आखाजीला लेकी माहेरी येतात. अश्विनीला आणायला गजानन गेला, सणाला म्हणून घेऊन आला. सण झाला, तिला परत पाठवलं नाही. निरोप गेला, की तुमच्या घरात रोग आहे, तो आमच्यापासून लपवला, आमची पोरगी आता येणार नाही. साटं मोडलं. एकीकडून मोडलं की दुसरीकडून मोडतंच. आपली लेक परत आली, मग त्यांची कशाला ठेवायची? सुनंदाला वेदांतसकट मेहकरच्या गाडीत बसवून दिलं. यमुनाबाई वेदांतला सोडताना ऊर फुटेस्तोवर रडल्या म्हणे, पण सोडलं.

‘चार शब्द ऐकवायची ती सासू बरी होती मॅडम,’ सुनंदा म्हणाली. ‘आता बोलायलाही कोणी नाही. इकडं प्रल्हाददादा माझ्याकडं बघत नाही. म्हणतो, तू तपासायला कशाला गेली? तुझ्यापायी माझा संसार गेला.’

ग्रहण होतं तेव्हा त्यावर काही करता तरी येत होतं. उतारा होता, नवस होता, सुनेला दोन शिव्या होत्या. शिव्या देऊन झालं की सगळे एका चुलीवरचं जेवायचे. मी त्यांना जे दिलं त्याला उतारा नव्हता. करायला गेले गणपती, झाला मारुती, असं म्हणतात. इथं मारुतीही झाला नाही, नुसता चिखल राहिला. मला स्वतःच्या विद्येचा इतका वीट कधी आला नव्हता.

मी तिला म्हटलं, ‘पण अश्विनीला कसली भीती? प्रल्हाद निरोगी आहे. त्याचा एकुलता एक्स चांगला आहे, म्हणूनच तो निरोगी आहे. त्याच्या लेकरांना हा आजार होऊच शकत नाही. तुझ्या लेकरांना होता तसा धोका तिथं नाहीच.’

सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला. ‘होऊच शकत नाही?’

‘नाही.’

‘मॅडम, ती गरोदर हाये. मला इथं आल्यावर कळलं. दादानं सांगितलं.’

पुढं काय ऐकायचं? बाहेर पेशंट बसले होते, त्यांना उद्या या म्हटलं. गाडी मीच चालवायचे. बुलढाण्याचा घाट उतरून मोताळा, तिथून धामणगावचा रस्ता. उन्हाचा तडाखा होता. डोक्यात एकच वाक्य घोळवत होते, यमुनाबाईंना कळेल अशा बोलीत. जावई चांगला हाये, लेकरू चांगलंच होनार, पोरीले परत धाडा. एवढं सांगितलं की अश्विनीचं लेकरू वाचेल, ती नांदायला जाईल, सुनंदा परत येईल. दोन्ही घरं एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य माझ्यापाशी होतं.

यमुनाबाई ओट्यावर कैऱ्या फोडत होत्या. मला बघून विळा बाजूला टाकला, पदरानं हात पुसले. ‘बापा बापा, मॅडम आमच्या घरी! अश्विनी, पानी आन वो.’

आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. वीस-बावीसची. ओठ कोरडे, डोक्याला फडकं बांधलेलं, एक हात भिंतीवर ठेवून चालत होती. मी डॉक्टर आहे, मला विचारावं लागलं नाही.

यमुनाबाईंनीच आवाज खाली आणून सांगितलं. ‘केलं साफ. झाले चार-पाच दिवस. चांगल्या दवाखान्यात केलं, डॉक्टरनं सगळं इचारून केलं. बसा न मॅडम, उभ्या काऊन?’

मी बसले. त्या बोलत राहिल्या. ‘त्या दिवशी तुमच्याइथं इचारनारच होती मी. हिले नुकतेच दिवस गेले होते. पण पयले तीन महिने कोनाले सांगत नाई आमच्याकडं, दृष्ट लागते. सुनंदालेबी माहीत नव्हतं. मंग इचारू कशी? तोंडावर आलं अन् गिळलं. म्हटलं, जाऊ दे, समजलं आपल्याले.’

यमुनाबाईंनी त्या दिवशी ओठ मिटले होते ते यासाठी. माझ्यासमोर बसून, नातवाची लाळ पुसत, लेकीच्या पोटातल्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून.

पुढचं इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं आशेनं वाट बघायला नको. साटं पुन्हा जुळलं नाही. सुनंदा आजही माहेरी आहे. वेदांत मामाबरोबर, संतोषबरोबर, बकऱ्यांमागं जातो. दोघं एकमेकांचं ‘आ’ समजतात म्हणे. प्रल्हादनं दुसरी केली नाही, पण बहिणीशी तो बोलत नाही. मी दवाखाना बंद केला. वय झालं असं सगळ्यांना सांगते.

तर त्या दिवशी चहा घेऊन मी उठले. यमुनाबाई कैऱ्या आणायला आत गेल्या, ‘लोनच्यापुरत्या न्या’ म्हणत. अश्विनी माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. गाडीच्या सावलीत उभी राहून म्हणाली, ‘मॅडम, तुमी कायले आल्या होत्या?’

‘अशीच. या बाजूनं चालले होते.’

‘नाई. तुमी घाईनं आल्या. मी आतून पायलं. तुमी मले पायलं अन् तुमचं तोंड उतरलं.’ ती थांबली. ‘चांगलं होतं का मॅडम ते?’

मी आयुष्यभर आईबापांच्या डोळ्यांत बघून खरं सांगितलं आहे. खरं सांगणं हाच माझा धंदा. त्या पोरीपुढे माझी जीभ उचलेना. पण ती नजर हलवत नव्हती.

‘हो,’ मी म्हटलं. ‘प्रल्हादला काही नाही. त्याच्या लेकराला हे झालंच नसतं.’

तिनं गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर तळहात टेकवला होता तो तसाच राहिला. ‘कोनी जबरदस्ती नाई केली मले,’ म्हणाली. ‘सही मीच केली. वेदांतले म्या सांभाळलं, लगीन होयेपर्यंत. त्याची फिट म्या पायली. मायनं इचारलं, तुले असं पायजे का? मीच म्हटलं, नाई पायजे.’

‘अश्विनी, अजून वेळ गेलेली नाही. तू परत जा. मी आत येऊन तुझ्या आईला समजावते, सगळं. सुनंदाही परत येईल.’

‘कोन्या तोंडानं जाऊ? त्याचंबी होतं न ते. त्याले न इचारता...’ तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. मग माझं मनगट धरलं. ‘मायले नोका सांगू मॅडम. माह्या पायी केलं तिनं. तिले हे समजलं त थे जगनार नाई. मले माहीत हाये ना तिचं. तुमाले लेकरायची आन हाये.’

म्हणजे बघा. दोन्ही घरं जोडणारी गोष्ट एकच होती, आणि ती सांगायची तर या म्हातारीला सांगावं लागत होतं, की बाई, तू आपल्या हातानं तुझं चांगलं नातवंड घालवलंस. मी काय करायला पाहिजे होतं? कुणाला ठाऊक असेल तर सांगा. 

यमुनाबाई पिशवी भरून कैऱ्या घेऊन आल्या आणि मागच्या सीटवर ठेवल्या. मग माझे दोन्ही हात हातांत घेतले. बाईचे डोळे भरले होते. ‘मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? तुमी नसतं सांगतलं, त माह्या पोरीच्या पदरातबी तसंच लेकरू आलं असतं. वाचवली तुमी माह्या पोरीले. ये वो अश्विनी, पड पाया मॅडमच्या.’

मी ‘नको नको’ म्हणेपर्यंत अश्विनी वाकली होती. पायाला हात लावून पोरी लगेच उठतात. ती उठली नाही. माझं पाऊल तिनं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं आणि आई वरून ‘आशीर्वाद द्या मॅडम’ म्हणत असताना, मी गप्प आहे याची खात्री होईपर्यंत, सोडलं नाही.